चौदाशेची उचल आणि पन्नास रुपयांचं दान

पोळ्याच्या चार दिवस आधी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. वय वीस. तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात कामाला जातो, मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं दुसरं वर्ष करतो. त्याची आई आमच्या बचत गटात आहे आणि गटाचे हिशेब मी लिहिते, म्हणून घरची माहिती होतीच. नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. वर्धा जिल्ह्यात, यशोदा नदीच्या काठाकाठानं गेलं की लागतं, एवढं पुरे.

"काकू, हप्त्याले पन्नास रुपये दानाचे काढाचे हायेत. कुठून काढू तेवढं सांगा जी."

हप्ता म्हणजे आमच्याकडं आठवडा. मला आधी हसू आलं. ओट्यावर येणारी माणसं किस्त कशी भरू विचारतात, बँकेचं कागद वाचून दाखवा म्हणतात. दानाला पैसे कुठून काढू, हे विचारणारा पहिलाच. मी म्हटलं, आता किती देतोस? तर म्हणाला, "काहीच नाई देत. म्हणून त विचारून राह्यलो."

मी त्याला एक चाळीस पानी वही दिली आणि चार आठवडे फक्त लिहायला सांगितलं. काटकसर करायची नाही, सुधारायचं नाही, जसं चाललंय तसं चालू द्यायचं.

आमच्याकडं हिशेब आठवड्याचाच असतो, महिन्याचा नाही. कापूस वेचायला गेलेल्या बाया असोत की निंदणाच्या, चुकारा बाजाराच्या दिवशी होतो आणि त्याच पिशवीतून तेल, मिरची, भाजी घरी येते. या पोराचा मालकही त्याला बाजाराच्या दिवशीच पैसे देतो. सहा दिवसांचे, ३५० रोजानं, २,१०० रुपये. एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी लिहिलेले बचतीचे सल्ले इथं उपयोगाचे नाहीत. फोनच्या कंपन्यांना हे आपल्याआधी कळलेलं दिसतं. त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे बरोबर चार बाजारांचा. त्यात वर्षाला रिचार्ज बाराच्या जागी तेरा होतात, ते वेगळं.

चार बाजार झाले तेव्हा पितृपक्ष लागला होता. वही घेऊन आला. चार आठवड्यांची आवक ८,४०० रुपये. जावक अशी:

आईजवळ, किराणा-भाजीला – ३,६००
पेट्रोल – १,१२०
रिचार्ज – ३००
चहा-नाश्ता – ८४०
आजीच्या गोळ्या – ४८०
बहिणीची शिकवणी, वह्या – ४००
जुन्या गाडीचा हप्ता – १,२००

इथवर ७,९४०. हातात राहायला हवेत ४६०. पण वहीत शेवटी लिहिलं होतं, "मालकाकडून उचल १,४००."

उचल कशाला घेतली? पानं उलटून पाहिलं तर ती कारणं अधूनमधून, बारीक अक्षरात होती. पोळ्याच्या तोरणाला १०१. गावच्या गणपतीला ५०१. दुकानाच्या चौकातल्या गणपतीला २५१, कारण मालकासमोर पावतीपुस्तक आलं आणि नाही म्हणता येईना. एका भंडाऱ्याला २००. मोबाइलवर एका आजारी लेकराचा फोटो आला, खाली चौकोनी कोड होता, त्यावर ५००. मित्राची माय दवाखान्यात होती, त्याला ३००. बेरीज १,८५३. एकूण जावक ९,७९३, म्हणजे आवकेपेक्षा १,३९३ जास्त. उचल घेतली १,४००. सात रुपये उरले, त्याचा त्यानं समोसा खाल्ला असावा.

म्हणजे "काहीच नाई देत" म्हणणारा पोरगा शंभरातले बावीस रुपये देत होता.

हे मी त्याला सांगितलं तर तो मानेना. "ते थोडीच दान हाय काकू? ते त द्याच लागते." या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. त्याचं बरोबर होतं आणि गोंधळाचं मूळही तेच होतं. वर्गणी द्यावी लागते. न दिली तर पारावर नाव निघतं. ती गावात राहण्याची पट्टी आहे, घरपट्टीसारखी, फक्त तिची तारीख आणि रक्कम दुसरा कुणी ठरवतो. मित्राच्या मायसाठी दिलेले तीनशे हे आणखी निराळं. ते उद्या आपल्यावर वेळ आली तर परत येणारं माणुसकीचं देणं-घेणं. आणि दान म्हणजे त्याच्या मनात जे होतं ते: कुणी मागितलेलं नाही, पावती नाही, आपण आपल्या मनानं ठरवलेलं. पहिल्या दोघांनी खिसा रिकामा केला की तिसऱ्याला काही उरत नाही, आणि वर माणसाला वाटत राहतं की आपण कद्रू आहोत.

आमचा जिल्हा विनोबांचा. पवनारचा आश्रम इथून गाडीनं फार लांब नाही. भूदान १९५१ मध्ये तेलंगणात सुरू झालं, पण त्यातून पुढं निघालेलं संपत्तिदान आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. मिळकतीचा सहावा हिस्सा समाजाला द्या, असं ते मागणं. मी सहज गणित केलं. ८,४०० चा सहावा हिस्सा किती? १,४००. अगदी उचलीएवढा. पोरगा खूश झाला, म्हणाला मी त विनोबाच्या वर गेलो. मी म्हटलं, गेलास, पण मालकाच्या पैशानं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा कीर्तनात काय सांगत होते, तेही आठव. कर्ज काढून देवाधर्माचं, सणावाराचं काही करू नका. एकाच वहीत एकाची बेरीज आणि दुसऱ्याची वजाबाकी. दोघंही खरे, फक्त आधी कोण ते ठरवायचं.

माझा सल्ला सरळ होता. आठवड्याला १०० रुपयांनी उचल फेड, चौदा बाजार लागतील, तोवर दान बंद. हिशेब लिहिणारं कुणीही हेच सांगेल.

तो ऐकेना. त्याला ते पन्नास रुपये गल्लीतल्या एका म्हातारीसाठी हवे होते. एकटी राहते. लहानपणी माय शेतात गेली की याला तिच्या दारात बसवून जायची, तिच्या हातचं खाऊन हा मोठा झालाय. तिला निराधारचा पगार आहे, महिन्याला १,५००, २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले. पण कधी दोन महिन्यांचा एकदम येतो आणि मधल्या दिवसांत तिचं काय चालतं, हे यानं पाहिलं होतं. "चौदा हप्त्यानं ती काय राह्यते का, काय सांगता येते?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी वही पुढं ओढली.

नवं पान असं मांडलं. घरी ९००, पेट्रोल २८०, रिचार्ज ७५, गोळ्या १२०, बहीण १००, गाडी ३००, उचल १००, परीक्षा फीसाठी ८०. चहापाणी २१० होतं ते १२०. इथवर २,०७५. उरतात २५. आणि याला हवेत वर्गणीला ५०, अडीनडीला २५, दानाला ५०. शंभर कमी.

वर्गणीचे ५० कुठून आले ते सांगते, कारण तिथं बराच वेळ गेला. वर्षभराच्या वर्गण्या आम्ही आठवून लिहिल्या: पोळा, दोन गणपती, दुर्गा, भागवत सप्ताह, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, हनुमान जयंतीचा भंडारा, शिवजयंती, चौदा एप्रिल, किरकोळ. बेताच्या आकड्यांनीही बेरीज आली २,६००. बावन्न बाजारांनी भागलं तर पन्नास. गणपतीत पाचशे एकदम गेले की कंबर मोडते, पण दर बाजारी पन्नास डब्यात पडले तर कळतही नाही. हे लिहिताना आणखी एक गोष्ट निघाली. गावच्या गणपतीची पावती बापाच्या नावानंही फाटली होती आणि याच्याही. एका घरातून दोन, कारण पोरगा आता कमावता. बापाला याची माहिती नव्हती, याला बापाची. तीन एकर कोरडवाहू शेतीच्या घरातून! ठरलं की एका घराची एकच पावती, आणि कापूस विकला की बाप त्यात निम्मा वाटा घालेल. बाप हो म्हणाला. निम्मा आला की नाही ते पुढं सांगते.

मग शंभर कुठून काढायचे. माझी नजर चहापाण्यावर. रोजचे पस्तीस रुपये, त्यात निम्मे खर्ऱ्याचे, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचे. मला वाटलं सापडला चोर. विदर्भातल्या कुठल्याही पोराच्या हिशेबात खर्ऱ्याची ओळ असतेच, आणि खर्रा सोडून दान कर म्हणणं किती सोपं. तर कळलं, हा खातच नाही. दुकानावरच्या दोस्तांना घेऊन देतो. कारण ते याला चहा पाजतात, आणि हा काही घेत नाही म्हणून अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्याला तंबाखू चारणं हे दानात धरायचं का, असं मी विचारलं तेव्हा मात्र तो ओशाळला. १२० चे १०० केले. त्याहून खाली तो गेला नाही आणि मीही ओढलं नाही. दुकानात उभं राहून दिवस काढायचा तर चार माणसांत चहा लागतो.

वीस निघाले. राहिले ऐंशी. ते आजीच्या गोळ्यांतून आले. आजीला ब्लडप्रेशरची आणि सांधेदुखीची औषधं चालू आहेत, ती हा तालुक्याच्या मेडिकलमधून आणायचा. प्राथमिक आरोग्य केंद्र गावापासून तीन किलोमीटरवर. सरकारी आरोग्य केंद्रांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात निःशुल्क झालेत, हे त्याला माहीत होतं, पण आजीचा ठाम विश्वास की फुकटची गोळी लागत नाही. "पयसे मोजले की गोळीले बी लाज वाटते, मंग ते काम करते." शेवटी हा आजीलाच गाडीवर बसवून घेऊन गेला. डॉक्टरांनी जुन्या पाकिटावरचं औषधाचं नाव आणि त्यांच्या गोळीवरचं नाव शेजारी ठेवून वाचून दाखवलं. ब्लडप्रेशरची गोळी तिथं मिळाली, दुसरं एक औषध बाहेरूनच घ्यावं लागतं. १२० चे ४० झाले.

२,१०० ची बेरीज रुपयाला रुपया जुळली. दानाचे पन्नास म्हणजे शंभरातले अडीचही नाहीत. विनोबांचा सहावा हिस्सा कुठं आणि हे कुठं. पण हे उसने नव्हते.

आजीनं या सगळ्यावर एक आठवण काढली. तिच्या माहेरी चुलीजवळ एक मडकं असायचं, सर्वोदय पात्र म्हणायचे. रोज घरातल्या लेकरानं आपल्या हातानं मूठभर धान्य त्यात टाकायचं. "मोठ्या मानसाची मूठ नाई, लेकराची," हे तिनं दोनदा सांगितलं. आजी त्या लेकरांतली एक. मुठीत मावेल तेवढंच, म्हणून घरात कधी भांडण झालं नाही.

पहिली परीक्षा लगेच आली. नवरात्र. डब्यात वर्गणीचे पन्नास, आणि दुर्गा मंडळाची पोरं ५०१ चं पुस्तक घेऊन दारात. यानं सांगितलं, पावती बाबाच्या नावानं फाडा, तीनशेची. "कमावता झाला न बे तू?" वगैरे झालं. दोन दिवस चिडवाचिडवी. तिसऱ्या दिवशी यानं मंडळाचा जमाखर्च लिहायचं काम अंगावर घेतलं, कारण उत्सवासाठी पैसे गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, मागाहून हिशेब द्यावा लागतो आणि त्या कामाला कुणी हात लावायला तयार नव्हतं. चिडवणं थांबलं. खरं तर ५०१ देणं सोपं होतं. नऊ रात्री हिशेब लिहिणं त्याहून महाग पडलं, पण ती किंमत खिशातून गेली नाही.

दुसरी परीक्षा तो अर्धी नापास झाला. दिवाळीच्या आधी एका मित्राची गाडी घसरली, पाय मोडला. अडीनडीच्या डब्यात ७५ होते. यानं ते दिले आणि परीक्षा फीच्या डब्यातून २०० काढून वर दिले. मी रागावले नाही, पण वहीत दोन ओळी वेगळ्या करायला लावल्या: ७५ मदत, २०० उसने. मदत विसरायची, उसने विसरायचे नाहीत. मित्रानं आतापर्यंत १०० परत केलेत. फीसाठी ते कमी पडले, मायनं गटातून शंभर काढून दिले. म्हणजे ते ओझं माझ्याच रजिस्टरमध्ये आलं.

मोबाइलवरचे फोटो अजून येतात. त्याला एकच नियम सांगितला: अनोळखी कोडवर एक रुपयाही नाही. ओळखीतल्या माणसानं त्या घरी किंवा दवाखान्यात स्वतः जाऊन पाहिलं असेल, तरच अडीनडीच्या डब्यातून, आणि डब्यात असेल तेवढंच. ते पाचशे ज्या लेकराला दिले ते लेकरू खरं होतं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. ती गोष्ट अजून त्याच्या मनाला लागून आहे.

आता म्हातारीचं. पहिल्या बाजारी तो पन्नासची नोट घेऊन गेला. तिनं नोट पाहिली आणि म्हणाली, "मी काय मागाले आली होती का तुह्या दारात?" आठ दिवस बोलली नाही त्याच्याशी. ही चूक माझीही. आम्ही दोघं घेणाऱ्याला न विचारता पन्नास कुठून काढायचे यावरच महिनाभर डोकं लावत बसलो होतो.

पुढचे तीन बाजार पैसे डब्यात पडून राहिले. दोनशे झाले. मग त्याला कळलं की तिचं लाइटचं बिल थकलंय. त्यानं फोनवरून ते भरलं आणि पावती दाखवायला गेला, की मावशी, तुझं बिल मी जाता जाता भरून आलो. काम म्हणून केलेलं तिला चाललं. पगार आला तेव्हा तिनं बोलावून शंभर रुपये हातात ठेवले. बाकीचं विचारलं नाही. तेव्हापासून असंच चालू आहे. साधारण निम्मं तो देतो, निम्मं ती, आणि नक्की किती हे दोघंही बोलत नाहीत. उरलेल्या पैशातून कधी तेलाची पिशवी जाते, "मायनं जास्तीची आनली" म्हणून. बँकेत जायच्या दिवशी ती याच्या गाडीवर मागं बसून तालुक्याला जाते. तो रोज जातोच, त्यामुळं पेट्रोलच्या ओळीत काही बदल नाही.

एका शनिवारी वहीत आवकेच्या बाजूला लिहिलेलं दिसलं, "सांबार, १ जुडी." म्हातारीच्या अंगणातला. (बाहेरच्या वाचकांसाठी, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर.) मी विचारलं, हे काय आणि याची किंमत किती धरायची? म्हणाला, किंमत नका लिहू, पन नोंद राहू द्या. राहू दिली. असल्या नोंदीनं ताळेबंद जुळत नाही, पण गटाच्या रजिस्टरमध्ये असल्या नोंदीला जागाच नसते याचं मला त्या दिवशी थोडं वाईट वाटलं.

बापाचा निम्मा वाटा: कापसाचा पहिला चुकारा झाला तेव्हा त्यानं सहाशे दिले. ठरल्याप्रमाणं तेराशे हवे होते. उरलेले तुरीवर, म्हणतो. तूर अजून उभी आहे.

खरी अडचण पुढं आहे. फेब्रुवारी ते मे कृषी केंद्रात गिऱ्हाईक नसतं, मालक याला आठवड्यात तीनच दिवस बोलावतो. १,०५० रुपये. आम्ही ते पान आत्ताच पेन्सिलनं मांडलंय. पेट्रोल आपोआप निम्मं होतं, घरी ९०० च्या जागी ४५०, कारण तेव्हा घरात कापसाचे पैसे असतात. चहा ५०. वर्गणी २५, दान २५, अडीनडीचं नाव नाही. पण गाडीचा हप्ता, रिचार्ज, गोळ्या, बहिणीचे शंभर हे काही निम्मे होत नाहीत. बेरीज १,२०५ जाते. दीडशेवर कमी. लग्नसराईत वाढप्याचं काम मिळतं, रात्रीचे चारशे. आठवड्यात एक लग्न लागलं की भागतं, नाही लागलं तर नाही. मी म्हटलं, ज्या आठवड्यात लग्न नाही त्या आठवड्यात दानही नाही. तो म्हणाला, दहा रुपये तरी. दहा लिहिले. आजीच्या माहेरचं मडकं आमच्या दोघांच्या डोक्यात होतं बहुतेक.

उचल तिळसंक्रांतीच्या आधीच्या बाजारी फिटली. चौदाव्या शंभरावर मालकानं त्याच्यासमोर काट मारली आणि यानं त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवला. आता फेब्रुवारी लागेपर्यंत दर बाजारी शंभर रुपये मोकळे आहेत. मी म्हणते, पोस्टात आवर्ती ठेव उघड, महिन्याला शंभरपासून सुरू होते, आणि उरलेले उन्हाळ्यासाठी ठेव. माय म्हणते, बहीण दहावी होऊन राह्यली, जूनमध्ये तिच्या प्रवेशाले लागतील. आजीला वाटतं नातवाला चप्पल नाही चांगली. तो स्वतः काही बोलत नाही, नुसता वहीत रेघ मारून बसलाय. "मोकळे – १००", आणि पुढं कोरी जागा. शनिवारी बाजार आहे.